झाड कशाला म्हणावं

लग्नाच्या बाजारात मला बघायला जी माणसं आली, त्यांत माझ्या विषयाबद्दल काही विचारणारे एकटे माझे होणारे सासरे होते. मी तेव्हा बडोद्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला नुकतीच लागले होते. आम्ही बाजव्याजवळ रिफायनरीच्या कॉलनीत राहायचो. वडील खानदेशातून आलेले, रिफायनरीत फोरमन. पाहुण्यांचे पोहे झाले, चहा आला, आणि सासरे म्हणाले, "वनस्पतिशास्त्र म्हणजे बागकाम का?"

"नाही. वनस्पतींची रचना, त्यांचे प्रकार, वर्गीकरण," मी म्हटलं.

"वर्गीकरण," ते म्हणाले, आणि घरात आल्यापासून पहिल्यांदा खूश दिसले. "ते आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलंय."

हे त्यांनी नम्रतेनंच सांगितलं होतं, हे मला लग्नानंतर कळलं. त्यांचे पूर्वज संस्थानच्या दफ्तरात होते आणि ते स्वतः सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं होतं, ते म्हणजे समोर आलेली वस्तू कोणत्या वर्गात मोडते ते ठरवणं. घरी बसल्यावर फायली गेल्या, पण सवय गेली नाही. बडोद्यातल्या मराठी माणसांचे त्यांनी तीन वर्ग केले होते. पहिले संस्थानाबरोबर आलेले, म्हणजे आपण. दुसरे नंतर शाळा-कॉलेजांत शिकवायला आलेले. तिसरे रेल्वे आणि रिफायनरीतले. तिसऱ्या वर्गाबद्दल ते वाईट कधी बोलत नसत. "कष्टाळू लोक," एवढंच म्हणत, आणि मग माझ्याकडे बघून, "फार कष्टाळू," असं जोडत.

त्या घरात सासऱ्यांना मामंजी म्हणायची पद्धत होती. आमच्या कॉलनीत हा शब्द मी फक्त आजीच्या तोंडून ऐकला होता. पहिले काही महिने मी त्यांना काहीच म्हणायची नाही, नुसतं समोर जाऊन उभी राहायची.

सासूबाईंचं वर्गीकरण निराळं होतं, आणि ते जास्त ठाम होतं. त्यांच्या मते वनस्पती चार प्रकारच्या. देवाची, औषधाची, जेवणाची आणि नुसती. त्यावर आडवा छेद देऊन दोन आणखी प्रकार, उपवासाला चालणारी आणि न चालणारी. कॉलेजात मी दरवर्षी फळ्यावर लिहायची की वनस्पतींचे आधी दोन भाग पडतात, फुलं न येणाऱ्या आणि येणाऱ्या. न येणाऱ्यांत शेवाळ आणि नेचे, आणि येणाऱ्यांत पुन्हा दोन, एकदल आणि द्विदल. एका आषाढी एकादशीला मी धीर करून सासूबाईंना विचारलं, "बटाटा चालतो तर हळद का चालत नाही? दोन्ही जमिनीखालीच वाढतात."

"हळद पिवळी असते," त्या म्हणाल्या.

"आणि हिरवी मिरची?"

"ती हिरवी असते. तू ते सगळं कॉलेजात शिकव हं."

मला पुढे असं वाटायला लागलं की त्यांच्या पद्धतीत एक गुण आहे जो माझ्या पद्धतीत नाही. ती पाठ करावी लागत नाही, कारण तिला कारणंच नाहीत.

आम्ही राहायचो कारेलीबागेतल्या एका सोसायटीत. एकाला एक लागून बैठी घरं, त्यांना बडोद्यात टेनामेंट म्हणतात, आणि मधोमध सगळ्यांच्या मालकीची मोकळी जागा, म्हणजे कॉमन प्लॉट. तिथे एक कडुनिंब होता, एक गुलमोहर, कुंपणाशी केळीचं बन, आसोपालवाची रांग, आणि एका कोपऱ्यात बांबूचं भलंमोठं बेट. दुसऱ्या कोपऱ्यात वेडी बाभूळ होती. ती कोणी लावली नव्हती. तिला गुजरातीत जे नाव आहे ते गुजरातीत अगदी सभ्य आहे, पण मराठी कानाला शिवीसारखं लागतं, म्हणून सासूबाईंनी ते कधी तोंडातून काढलं नाही.

सोसायटीचे प्रमुख मामंजी होते. प्रमुखाच्या हाताखाली मंत्री असतो, आणि खरं काम तोच करतो. आमचे मंत्री गुजराती, बेअरिंगची एजन्सी चालवायचे. त्यांचं लहानपण जुन्या शहरात मराठी शेजाऱ्यांत गेलेलं, त्यामुळे मराठी फर्डं बोलत, फक्त वाक्याच्या शेवटी एक 'ने' लावत. आसोपालवाच्या पुढे, स्वतःच्या फाटकासमोर, त्यांनी नुकतेच चार बॉटल पाम लावले होते. नव्वदीच्या त्या दिवसांत बॉटल पाम म्हणजे माणूस वर आला याची खूण होती. तळाशी फुगीर, वर गुळगुळीत, आणि एकूण काही उपयोग नाही.

मग सोसायटीत गाड्या आल्या. आधी मंत्र्यांची आली, छोटी, पांढरी. तिला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. त्यानंतर वर्षभरात एकामागून एक आणखी आल्या आणि सोसायटीच्या रस्त्यावर संध्याकाळी स्कूटर काढायला जागा राहिली नाही. गाडी घ्यायचा विचार माझ्या नवऱ्याच्याही डोक्यात होता, पण तो त्यानं घरात सांगितला नव्हता. मला तो कळला, कारण तो रोज ऑफिसातून आल्यावर बांबूच्या बेटासमोर उभा राहून पावलांनी जमीन मोजायचा.

सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच जागा होती. बांबूचं बेट हटवलं तर तिथे सहज तीन गाड्या राहिल्या असत्या. पण सोसायटीच्या नियमांत मामंजींनी फार पूर्वी एक कलम स्वतःच्या भाषेत घातलं होतं. कॉमन प्लॉटमधील कोणतेही झाड सर्व सभासदांच्या लेखी संमतीशिवाय तोडण्यात येऊ नये. या कलमाचा त्यांना फार अभिमान होता. आणि सर्व सभासदांत बांबूशेजारच्या घरातल्या मासी येत होत्या.

मासी, म्हणजे गुजरातीत मावशी, या निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. गुजराती, जैन, एकट्या राहणाऱ्या. दुपारी चार वाजता त्या बांबूखाली वेताची खुर्ची टाकून बसत, तिथेच चहा पीत, आणि सातभाई पक्ष्यांचं भांडण ऐकत. मंत्री संमतीचा कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. मासींनी तो वाचला, त्यातली शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि सही न करता परत दिला.

त्यानंतरच्या रविवारी मंत्री आमच्याकडे आले. मामंजी बाहेर गेले होते. मंत्र्यांना मामंजी नकोच होते, त्यांना मी हवी होते.

"बेन, तुम्ही झाडपाल्याच्या प्रोफेसर ने?"

"हो."

"मग एक सांगा ने. केळ, ती झाड म्हणायची का?"

आयुष्यात कोणी आपणहून येऊन मला हा प्रश्न विचारेल असं वाटलं नव्हतं. कॉलेजात परीक्षेत आला तरी मुलं तो सोडून देत. मी खुशीत येऊन सांगायला लागले. केळीला जमिनीवर खरं खोडच नसतं, जे दिसतं ते पानांचे तळ एकात एक गुंडाळलेले असतात. ती प्रत्यक्षात एक प्रचंड मोठी हिरवी रोपवर्गीय वनस्पती. झाड नव्हे.

"वा. आणि बांबू?"

"बांबू तर गवत आहे. गहू, ऊस, भात, सगळे त्याच कुळातले."

"गवत," मंत्री म्हणाले. त्यांनी तो शब्द पेढ्यासारखा तोंडात घोळवला. "म्हणजे कापायला संमती लागत नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, "अहो, हे वनस्पतिशास्त्राचं झालं. बोलीत आपण बांबूलाही झाडच म्हणतो."

"बोलीत पुष्कळ म्हणतात, बेन. नियम शास्त्रावर चालतात," ते म्हणाले आणि चहा न घेता उठले.

पुढच्या आठवड्यात सभा भरली. कॉमन प्लॉटवर प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर थंड पेयाच्या मोठ्या बाटल्या, आणि मध्ये मामंजी, इस्त्रीच्या सदऱ्यात. मंत्री उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं की प्रमुखसाहेबांच्या सूनबाई, ज्या या विषयाच्या प्रोफेसर आहेत, त्यांचा निर्वाळा आहे की बांबू हे गवत असून केळ ही भाजीसारखी वस्तू आहे. तेव्हा कलम त्यांना लागू होत नाही. गवत कापायला आजवर कोणाची सही घेतली नाही.

सगळे माझ्याकडे वळले. मामंजी वळले नाहीत. त्यांची पंचाईत झाली होती. कलम त्यांचं होतं, आणि ते पाडणारी सूनही त्यांचीच होती, त्यातून तिसऱ्या वर्गातली.

"हे शास्त्राप्रमाणे बरोबर आहे का?" त्यांनी समोर बघत विचारलं, कचेरीत विचारत असतील तसं.

"शास्त्राप्रमाणे बरोबर आहे. पण कलम लिहिताना तुम्हाला शास्त्रातलं झाड म्हणायचं नव्हतं," मी म्हटलं.

"मला काय म्हणायचं होतं ते कलमात लिहिलं आहे," मामंजी म्हणाले. स्वतःचा बचाव नाकारणारा असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

तेवढ्यात मासी आपल्या जागेवरूनच बोलल्या. गुजरातीत, वर्गात फळ्याकडे पाठ करून बोलावं तशा. "मला एकच विचारायचंय. नारळ झाड आहे?"

मी म्हटलं, "बोलीत आहे. शास्त्रात ताडामाडांना खरं लाकूड होत नाही. निंबाचं खोड दरवर्षी जाड होत जातं, माडाचं तसं होत नाही. तो बांबूच्या बाजूचा, एकदल."

"आणि हे बॉटल पाम?"

"तेही ताडाच्याच कुळातले."

"म्हणजे बांबूच्या बाजूचे."

"हो."

"मग संमती लागत नाही," मासी म्हणाल्या. "तिथून गाडी वळवायला त्यांची अडचण होते, असं तीन सभासद म्हणत होते."

मंत्र्यांच्या पत्नी इतका वेळ पेले भरत होत्या, त्या थांबल्या. मंत्री म्हणाले की पामची गोष्ट वेगळी, ते नर्सरीतून आणलेले आहेत. कोणीतरी विचारलं, शास्त्रात नर्सरीचा वेगळा वर्ग असतो का. मग जो तो आपापल्या दारातल्या वनस्पतीबद्दल विचारू लागला, आणि मला उत्तरं द्यावी लागली. पपई? खोड मऊ, लाकूड नाही, झाड म्हणणं कठीण. जास्वंद? झुडूप. मोगरा? झुडूप. तुळस? तेही फार तर झुडूपच. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "तुळशीला हात लावून तर बघा," आणि तो मुद्दा तिथेच संपला. आसोपालवाबद्दल मी सांगितलं की तो झाड आहे, पण त्याला सगळे अशोक म्हणतात तो अशोक नव्हे. हे ऐकून एक गृहस्थ खरोखर दुखावले. त्यांनी घराचं नाव त्यावरून ठेवलं होतं.

सभेअखेरीस हिशेब असा झाला. कापायला मोकळीक ज्यांना, त्यांत बांबू, केळी, पपई, पाम, जाई-जुई, गुलाब आणि देवाची सगळी फुलझाडं. आणि ज्यांना कलमाचं पूर्ण संरक्षण, ज्यांच्या अंगाला सर्वांच्या सहीशिवाय हात लावता येणार नाही, अशांत कडुनिंब, गुलमोहर, आसोपालव आणि वेडी बाभूळ. बाभळीबद्दल शंकेला जागाच नव्हती. कणखर लाकूड, द्विदल, दर वर्षी खोड जाड होणारी. शास्त्राच्या दृष्टीनं सोसायटीतलं सर्वांत अस्सल झाड तेच होतं. तिच्या काट्यांनी मंत्र्यांच्या गाडीचं चाक तोवर दोनदा बसलं होतं.

"हे काही बरोबर वाटत नाही," मंत्री म्हणाले.

"शास्त्र आहे," मासी म्हणाल्या.

मामंजींनी मग प्रमुखाचा अधिकार वापरला. झाड या शब्दाची व्याख्या होईपर्यंत कोणीही काहीही तोडू नये, आणि व्याख्या करायचं काम प्रमुखांकडे राहील. थंड पेय संपवून सगळे घरी गेले.

व्याख्येचं काम आमच्या जेवणाच्या टेबलावर सुरू झालं. मामंजी संध्याकाळी माझी पुस्तकं उघडून बसत आणि मला समोर बसवत. मी घरात आल्यापासून आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो. ते एक वाक्य तयार करत, मी त्यात बसणारी नको ती वनस्पती सांगायची, आणि ते वाक्य खोडत.

"एक मजबूत खोड असलेली उंच वनस्पती."

"ऊस बसेल त्यात, मामंजी. आणि डाळिंबाला एकच खोड नसतं."

"लाकूड असलेली."

"मग नारळ बाहेर."

"नारळ बाहेर कसा ठेवता येईल? तो देवाला लागतो." इथे त्यांची पद्धत सासूबाईंच्या पद्धतीला जाऊन मिळायची, आणि ते त्यांच्याही लक्षात येऊन ते वाक्य खोडायचे.

एके दिवशी त्यांनी विचारलं, "तुमच्या रिफायनरीच्या कॉलनीत झाडांविषयी काही नियम असेल ना? एवढी मोठी वसाहत आहे."

"असेल. बाबांना विचारते."

"विचारायचं कशाला? जाऊन बघू," ते म्हणाले.

लग्न होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. बाजव्याला माझ्या माहेरी ते आले होते ते फक्त लग्नाआधी, मला बघायला आणि बोलणी करायला. त्या रविवारी आम्ही रिक्षा करून गेलो. आईनं धास्ती घेऊन शेवभाजी आणि कळण्याची भाकरी केली होती, कारण दुसरं काय करावं तिला सुचलं नव्हतं. मामंजींनी पहिला घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते म्हणाले, "जरा झणझणीत आहे." मग आणखी भाजी मागून घेतली. वडील घाबरून दर दोन मिनिटांनी त्यांना पाणी देत होते.

जेवणानंतर वडिलांनी त्यांना कॉलनी दाखवली. कॉलनीचा नियम सोपा होता. ज्याच्यावर पत्र्याची पाटी ठोकली आहे ते झाड. बाकी सगळं, पाटी येईपर्यंत, काहीच नव्हे.

"आणि पाटी कोण ठोकतं?" मामंजींनी विचारलं.

"ज्याला सांगतील तो," वडील म्हणाले. "एकदा दिव्याच्या खांबावर ठोकली होती. अंधार होता. अजून आहे."

दोघं तो खांब बघायला गेले. त्यावर खरंच पाटी होती, मराठीत शिरीष म्हणतात त्या झाडाची. मामंजींनी ती पाटी दोनदा वाचली. परतताना रिक्षात ते म्हणाले, "तुझे वडील फार व्यवस्थित माणूस आहेत." कष्टाळू म्हणाले नाहीत. मी खिडकी नसलेल्या रिक्षातून बाहेर बघत राहिले, कारण मला हसूही येत होतं आणि थोडं रडूही.

व्याख्या शेवटी सासूबाईंनी केली. आम्ही दोघं टेबलावर पुस्तकांत अडकलो होतो, त्या भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "ज्याच्याखाली खुर्ची टाकून सावलीत बसता येतं ते झाड. त्यात एवढं काय?"

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. मी विचार केला. नेचे, गवत, एकदल, द्विदल, सगळं मनात आणून बघितलं. "शास्त्रीय नाही," मी म्हटलं.

"पण दोष काढून दाखव," मामंजी म्हणाले.

मला काढता आला नाही. त्यांनी ते वाक्य कचेरीच्या भाषेत उतरवलं. ज्या वनस्पतीच्या छायेत एक प्रौढ व्यक्ती खुर्चीवर सुखेनैव बसू शकते. सासूबाईंनी ते वाचून विचारलं, "हे मी कधी म्हटलं?"

दुसऱ्या सभेत ती व्याख्या मांडली गेली आणि सगळ्यांना एकदम पटली, कारण ती प्रत्येकाला समजली. मग परीक्षा सुरू झाली. दुपारची वेळ होती. एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन सगळी सभा एका वनस्पतीकडून दुसरीकडे निघाली. कडुनिंब पास. गुलमोहर पास. आसोपालवाखाली सावली इतकी अरुंद पडली होती की बसणाऱ्याचा एक खांदा उन्हात राहायचा. बराच वाद होऊन त्याला पास केलं, तोरणाला पानं लागतात म्हणून. केळीखाली सासूबाई स्वतः बसल्या आणि उठेनात, सत्यनारायणाला खांब कुठून आणणार म्हणून. केळीही पास झाली.

बांबूखाली खुर्ची न्यायची गरज पडली नाही. मासी आधीच तिथे बसल्या होत्या, हातात चहाचा कप.

बॉटल पामसाठी मंत्री स्वतः उमेदवार म्हणून बसले. पामची सावली रुमालाएवढी होती आणि ती सरकत होती. मंत्री खुर्चीसकट तिच्या मागे सरकत राहिले. डोकं सावलीत आलं की पोट उन्हात जायचं. सरकत सरकत ते रस्त्यावर पोचले तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "बस करो ने हवे," म्हणजे आता पुरे, आणि ते उठले. पाम नापास. पण मासींनीच सांगितलं की कोणाची हौस मोडायला नको, राहू द्यावेत. उपकार करणाऱ्या माणसावर कसं चिडायचं ते मंत्र्यांना कळेना.

वेड्या बाभळीखाली बसायला कोणी तयार झालं नाही. व्याख्येनुसार ती झाड नव्हती. दुसऱ्या दिवशी ती तोडली. तिच्या जागी एकच गाडी राहील एवढी जागा निघाली आणि त्या जागेवरून जे भांडण झालं ते बांबूच्या भांडणापेक्षा मोठं होतं. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या नवऱ्याची चिठ्ठी निघाली. त्याच्याकडे गाडी नाही, असं सगळ्यांनी दाखवून दिलं. तेव्हा त्यानं खाली मान घालून सांगितलं की पुढच्या महिन्यात येतेय. सासूबाईंना ही बातमी सभेत कळली.

त्यानंतर काही वर्षं शांततेत गेली. मग एका हिवाळ्यात बांबूची पानं गळायला लागली. फांद्यांवर गवताच्या लोंब्यांसारखे वाळकट झुपके आले. मी पाहिलं आणि ओळखलं. आमच्याकडे होता तो भरीव बांबू, मराठीत त्याला मानवेल म्हणतात. तो आयुष्यात एकदाच फुलतो, आणि फुलल्यावर सगळं बेट एकदम मरतं. पुस्तकात मी हे किती तरी वेळा शिकवलं होतं, पण डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. मासींना सांगायला मीच गेले.

"म्हणजे रोग नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही. फुलं आहेत ती."

"फुलं अशी असतात?" त्या झुपक्यांकडे बघत म्हणाल्या. "मला वाटलं कचरा आहे."

सासूबाईंनी बांबू फुलणं अशुभ म्हणून जाहीर केलं आणि कोपऱ्याकडे बघणं बंद केलं. बेट वाळून पिवळं पडलं. मंत्र्यांनी सभा बोलावली, आता तरी हटवू म्हणाले. खाली सावली उरली नव्हती, म्हणजे व्याख्येप्रमाणे झाड नव्हतं. मामंजी म्हणाले की व्याख्या परीक्षेच्या दिवशी लागू होते, नंतर पुन्हा परीक्षा घेण्याची तरतूद नाही. त्यावर वर्षभर काही झालं नाही. वाळलेला बांबू वाऱ्यात कडकड वाजत उभा राहिला. शेवटी मासींनीच मंत्र्यांना घरी बोलावून संमतीवर सही केली. या वेळी कागदात चूक नव्हती.

कोपरा साफ झाला, फरशीचे ठोकळे बसले, तीन गाड्या तिथे राहू लागल्या, त्यांत बाभळीच्या कोपऱ्यातून हलवलेली आमचीही. मासींनी तोवर एका डब्यात बांबूचं बी जमा केलं होतं, भाताच्या दाण्यासारखं. ते मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत पेरलं. उगवलं तेव्हा ते अगदी साध्या गवतासारखं दिसत होतं. सासूबाईंनी पहिला डबा निगुतीनं निंदून स्वच्छ करून ठेवला. बाकीचे मी गच्चीवर लपवले.

जमिनीत पडलेलं बीही ठोकळ्यांच्या फटींतून वर आलं. माझा नवरा संध्याकाळी गाडी लावायला आला की मामंजी ओट्यावरून उठून गाडीच्या मागे जाऊन उभे राहायचे आणि हात हलवत त्याला वळवायचे. "जरा डावीकडे. आणखी डावीकडे. आता थांब," असं म्हणत. चाक फटीतल्या त्या हिरव्या पात्यांच्या अलीकडे थांबलं की ते समाधानानं आत यायचे. त्यांना कोणी विचारलं की ते काय वाचवताहेत, गवत की झाड, तर उत्तर ठरलेलं होतं. "ते सूनबाईला विचारा. माझ्याकडे फक्त गाडीचं काम आहे."